मीठ टाकण्याआधी शंख नीट पाहा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे. या वेळचा विषय : जमिनीवरच्या गोगलगायी

पाऊस स्थिरावला की ठाणे आणि नवी मुंबईतून गोगलगायींबद्दलची पत्रे यायला लागतात. बहुतेकांना त्या मारायच्या असतात, काहींना ओळखायच्या असतात. आमच्या मते आधी ओळख आणि मग उपाय हाच क्रम बरोबर आहे. म्हणून या अंकात दोन्ही प्रकारची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : गच्चीवर तीस-चाळीस कुंड्या आहेत. जुलैत गोगलगायींनी पालक, झेंडू आणि जास्वंदीची कोवळी पाने रातोरात खाल्ली. कुंडीत मीठ टाकले तर त्या मेल्या, पण रोपेही करपली. शिवाय सगळ्या गोगलगायी एकसारख्या दिसत नाहीत. कोणत्या मारायच्या आणि कोणत्या सोडायच्या? (वर्तकनगर, ठाणे)

तुमच्या गच्चीवर बहुधा चार-पाच वेगळ्या जाती एकत्र नांदत आहेत आणि खरे नुकसान त्यातल्या दोनच करत असतील.

पहिली म्हणजे आफ्रिकन राक्षसी गोगलगाय, शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका. जुन्या पुस्तकांत ती ॲकॅटिना फुलिका या नावाने सापडेल. शेतकरी हिलाच शंखी गोगलगाय म्हणतात. मूळची पूर्व आफ्रिकेची. विल्यम हेन्री बेन्सन या शंख-अभ्यासकाने १८४७ साली मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कोलकात्यातल्या चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या आणि तिथून ती देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात सोयाबीनची उगवती रोपे फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायींच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच.

मोठी असेल तर ती ओळखायला काहीच अडचण नाही. सात ते दहा सेंटिमीटरचा उभट शंख, त्यावर तपकिरी आणि फिकट रंगाचे उभे पट्टे. गफलत होते ती पिल्लांबाबत. दोन सेंटिमीटरचे पिल्लू स्थानिक गोगलगायीसारखेच दिसते. अशा वेळी शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंडाच्या आत, मधल्या बाजूला, वरून खाली येणारा एक पांढुरका दांडा दिसेल. तो शंखाचा मध्यस्तंभ. राक्षसी गोगलगायीत तो खाली पोचण्याआधीच तिरका कापल्यासारखा तुटतो आणि तिथे छोटी खाच राहते. ही खाच आणि दोन सेंटिमीटरचा फुगीर, पट्ट्यापट्ट्यांचा शंख एकत्र दिसला तर शंका ठेवू नका.

दुसरी बिनशंखाची. काळपट, चपटी, चामड्यासारख्या कोरड्या पाठीची आणि पाठीच्या मधोमध फिकट रेघ असलेली. ही लेव्हिकॉलिस आल्टे, तीही आफ्रिकेतूनच आलेली. रोपवाटिकेच्या मातीबरोबर ती हमखास घरी येते.

आता सोडून द्यायच्या जाती. दीड-दोन सेंटिमीटरचा, चपटा, मधाच्या रंगाचा, तेल लावल्यागत चकाकणारा शंख असेल तर ती मॅक्रोक्लॅमिस. ती कोवळ्या रोपाला कधीमधी तोंड लावते, पण तिचा भर कुजक्या पानांवर असतो. आठ-दहा मिलिमीटरची, पांढुरकी, निमुळती ॲलोपियस ग्रॅसिल तर मुख्यतः कुजके खाते, कुंडीत तिने असलेले बरेच. आणि साधारण तेवढाच नितळ, अर्धपारदर्शक शंख, त्यातून केशरी-लालसर अंग दिसत असेल तर ती हटोनेला बायकलर. ही मांसाहारी आहे, इतर बारीक गोगलगायी खाते. तिला मारलेत तर स्वतःचेच नुकसान कराल.

उपाय असा. सूर्यास्ताच्या सुमारास चार-पाच कुंड्यांमागे एक याप्रमाणे ओले गोणपाट पसरा, त्याखाली पपईचे पान किंवा कोबीची साले ठेवा. पहाटे ऊन येण्याआधी हातमोजे घालून गोणपाट उचला आणि राक्षसी व बिनशंखाची या पहिल्या दोन जातीच वेचा. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवलेल्या झाकणाच्या बादलीत त्या टाका, दुसऱ्या दिवशी चुन्याची भुकटी घालून दीड फूट खोल पुरा. जिवंत गोगलगायी ओल्या कचऱ्यात किंवा खाडीकडे टाकू नका, तिथून त्या दुसऱ्याच्या बागेत जातात. उरलेले खारे पाणी गटारात ओता, मातीत नको. रोपे नेमकी याच मिठाने करपली. पावसाने मीठ मुळांशी उतरते आणि मुळांना पाणी ओढता येत नाही. पानांच्या कडा तपकिरी झाल्या असतील तर कुंडीच्या दोन-तीनपट पाणी एकदम ओतून ते तळाच्या भोकातून पूर्ण वाहू द्या.

एवढे करूनही महिन्याभराने पुन्हा त्याच संख्येने दिसल्या, तर अंडी राहून गेली असे समजा. कुंडीच्या कडेची दोन-तीन बोटे माती उकरा आणि कुंडी उचलून तळही पाहा. पिवळसर, साबुदाण्याएवढ्या अंड्यांचा पुंजका मिळेल. राक्षसी गोगलगायीच्या एका खेपेला शंभर ते चारशे अंडी असतात आणि एकदा मीलन झाले की साठवलेल्या शुक्रजंतूंवर ती अनेक खेपा घालते. अंडी चेचूनच टाका. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घाला, म्हणजे रात्री कुंड्यांचा पृष्ठभाग कोरडा राहील. राख, अंड्याची टरफले, तांब्याची पट्टी यांच्यावर आपल्या पावसात भरवसा ठेवू नका. राख तर पहिल्या सरीतच वाहून जाते.

मेटाल्डिहाइडच्या गोळ्या शेतात वापरतात. पण गच्चीवर, कुत्री-मांजरे फिरतात तिथे, त्या वापरू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. गोळीत कोंडा असतो, कुत्रे ती आवडीने खाते आणि झटके येऊन दगावू शकते. लोह फॉस्फेटच्या गोळ्या मिळाल्या तर त्या घ्या. त्या खाल्ल्यावर गोगलगाय खाणे थांबवते, आडोशाला जाते आणि काही दिवसांत मरते. मेलेल्या समोर दिसत नाहीत म्हणून औषध चालले नाही असे समजून मात्रा दुप्पट करू नका.

प्रश्न : बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या आमच्या पुस्तकात उदरपादांचे (गोगलगायी आणि त्यांच्या समुद्री नातलगांच्या वर्गाचे) प्रोसोब्रँकिया, ओपिस्थोब्रँकिया आणि पल्मोनाटा असे तीन भाग आहेत. इंटरनेटवर मात्र ही नावे जवळपास दिसतच नाहीत. खरे काय मानायचे? आणि येऊरला दिसणाऱ्या गोगलगायी कोणत्या खान्यात बसवायच्या? (ठाणे)

परीक्षेत पुस्तकातले लिहा, पण जंगलात नवी मांडणी घेऊन जा.

जुनी मांडणी कशी आली ते आधी पाहा. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायी हेलिक्स या एकाच प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) टाकल्या होत्या. पुढे श्वसनाचे अवयव पाहून गट पडले. हृदयाच्या पुढे कल्ले असलेल्या त्या प्रोसोब्रँकिया, मागे असलेल्या त्या ओपिस्थोब्रँकिया (ही दोन नावे मिल्न-एडवर्ड्सची, १८४८), आणि फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या त्या पल्मोनाटा. विसाव्या शतकात योहानेस थीलेच्या ग्रंथाने ही विभागणी पक्की केली आणि ती पाठ्यपुस्तकांत बसली.

अडचण अशी की यात सवय आणि वंशावळ यांची गल्लत झाली. फुप्फुस असणे हा जमिनीवर राहण्याचा परिणाम आहे, नाते त्यावरून ठरत नाही. गोगलगायी पाण्यातून जमिनीवर एकदा आलेल्या नाहीत. वेगवेगळ्या घराण्यांतून, वेगवेगळ्या काळी, अनेकदा आल्या. शरीररचनेचा बारीक अभ्यास आणि नंतर डीएनए यांनी हे दाखवून दिल्यावर प्रोसोब्रँकिया हा गट मोडला. बूशे आणि रॉक्रॉइ यांनी २००५ मध्ये नवी मांडणी दिली आणि २०१७ मध्ये सहकाऱ्यांसह ती सुधारली. आज उदरपाद वर्गात सेनोगॅस्ट्रोपोडा, हेटेरोब्रँकिया, नेरिटिमॉर्फा असे मोठे गट मानतात. जमिनीवरच्या गोगलगायी या तिन्हींत आहेत.

येऊरच्या पायवाटेवर यातले दोन गट ओळखता आले तरी सुरुवातीला पुरे. वाटेवर कुठेही काही उचलण्याची गरज नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि परवानगीशिवाय रिकामा शंखसुद्धा बाहेर नेता येत नाही.

पहिला गट स्टायलोमॅटोफोरा, हेटेरोब्रँकियातला. जगातल्या बहुसंख्य भू-गोगलगायी यात येतात. शिंगांच्या दोन जोड्या, डोळे वरच्या लांब जोडीच्या टोकांवर. बोट जवळ नेले की डोळा शिंगाच्या आतून खाली ओढला जातो, ते शिंग उलटे होत आत जाते. शंखाच्या तोंडाला झाकण नसते. नर-मादी एकाच शरीरात. बहुधा उजव्या बाजूला श्वासाचे भोक उघडते-मिटते, ते जरा थांबून पाहिले तर स्पष्ट दिसते.

दुसरा गट सायक्लोफोरिडी आणि तिची भावकी, सेनोगॅस्ट्रोपोडातली. शिंगांची एकच जोडी आणि डोळे शिंगांच्या मुळाशी. शंखाचे तोंड बहुधा गोल, त्यावर शिंगद्रव्याचे किंवा चुन्याचे गोल झाकण. प्राणी आत गेला की झाकण घट्ट बसते. नर वेगळा, मादी वेगळी. नात्याने ही मंडळी मासुंदा तलावातल्या पायला गोगलगायीला जास्त जवळची, शेजारच्या पानावर चालणाऱ्या मॅक्रोक्लॅमिसला नव्हे. झाकण लावल्यावर श्वास कसा घ्यायचा, हा प्रश्न याच घराण्यातल्या टेरोसायक्लॉसने सोडवला आहे. तिच्या शंखाच्या तोंडाला वरच्या अंगाला एक खाच असते आणि झाकण मिटले तरी हवेची वाट खुली राहते.

तिसरा गट नेरिटिमॉर्फातल्या हेलिसिनिडीचा. अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात आणि पॅसिफिक बेटांवर तो भरभराटीला आलेला आहे, येऊरला तुम्ही तो शोधत बसू नका.

स्टायलोमॅटोफोरात पुढे कुल ओळखायचे तर आपल्याकडे पहिले नाव ॲरिओफँटिडीचे. चालणाऱ्या प्राण्याच्या शेपटीच्या टोकाकडे भिंगाने पाहा. वर एक लहान मांसल शिंगी आणि तिच्याखाली चिकट द्रव सोडणारी उभी फट दिसेल. शिवाय शरीराचे पातळ पदर शंखावर चढून पसरतात आणि मागेपुढे फिरत राहतात. मॅक्रोक्लॅमिसचा शंख चकचकीत राहतो तो या पदरांमुळे. मेलेल्या शंखात ही दोन्ही लक्षणे जातात. आणि नुसत्या शंखावरून जाती ठरवण्याचा धोका नेमका इथेच आहे. चपटे, चकचकीत, फिकट शंख कितीतरी प्रजातींत सारखे असतात. तिथे जननेंद्रियांची रचना, रॅड्युला म्हणजे खरखरीत जिभेवरच्या दातांच्या ओळी आणि जाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा तुकडा हे तिन्ही पाहावे लागतात.

दुसरे कुल स्ट्रेप्टॅक्सिडी, मांसाहारी. यातल्या पुष्कळ जातींत शंखाच्या पिळाचा शेवटचा वेढा बाजूला सरकलेला असतो आणि शंखाचा आस वाकडा दिसतो. तसा शंख दिसला तर तो चेपला गेलाय असे समजून दुर्लक्ष करू नका.

भारतीय जातींची मूळ वर्णने बरीचशी ब्लॅनफर्ड, गॉडविन-ऑस्टिन आणि ग्यूड यांच्या १९०८, १९१४ आणि १९२१ च्या खंडांत आहेत. त्यातली असंख्य नावे आता बदलली आहेत, पण वर्णने आणि मापे आजही उपयोगी पडतात. काम संपलेले नाही, हेही लक्षात ठेवा. आंबोलीतली अर्धशंखी (अंग मावणार नाही इतका लहान शंख असलेली) गोगलगाय व्हरादिया आंबोलिएन्सिस २०२१ मध्ये नवी प्रजाती म्हणूनच जगापुढे आली. तिचे नाव सरीसृप-अभ्यासक वरद गिरी यांच्यावरून ठेवले आहे.

प्रश्न : ऐरोलीच्या खारफुटीत झाडांच्या पानांवर आणि खोडांवर गोगलगायी चढलेल्या दिसतात. या जमिनीवरच्या की समुद्राच्या? (ऐरोली, नवी मुंबई)

दोन्ही, आणि त्या एकाच झाडावर शेजारी असू शकतात. पानावर उंच चढलेली, टोकदार, झाकणवाली असेल तर ती लिटोरॅरिया. ती समुद्री घराण्यातली, कल्ल्याने श्वास घेणारी आहे, भरतीच्या पाण्यापासून दूर राहण्यासाठी वर चढते. खोडाच्या बुंध्याशी, कुजक्या लाकडाखाली, तोंडात जाड दात असलेला, झाकण नसलेला तपकिरी शंख दिसला तर ती एलोबिइडी कुलातली, बहुधा कॅसिड्युला किंवा मेलँपस. या फुप्फुसाने श्वास घेतात, पण खाऱ्या चिखलाची साथ सोडत नाहीत. डोळे शिंगांच्या मुळाशी. चिखलावर आडवा पडलेला लांब, जड, काळपट शंख टेलेस्कोपियमचा. ती चिखलातले शेवाळ आणि सेंद्रिय गाळ खाते.

ओळखण्यासाठी झाड हलवू नका, ओहोटीला कडेकडेने फोटो घ्या.

प्रश्न : खारघरच्या टेकडीवर एक रिकामा शंख मिळाला. तो उलटा फिरलेला वाटतो. विकृती आहे का? किंमत येईल का? (खारघर, नवी मुंबई)

टोक वर आणि तोंड आपल्याकडे करा. तोंड उजवीकडे आले तर शंख उजवा, डावीकडे आले तर डावा. फोटो आरशात किंवा सेल्फी कॅमेऱ्याने काढला असेल तर तो उलटा दिसतो, ही चूक फार होते, म्हणून शंख हातात धरूनच ठरवा.

तुमच्या फोटोतला अडीच सेंटिमीटरचा, चपटसर, पातळ आणि खरोखर डावा शंख ॲरिओफँटाचा आहे, बहुधा ॲरिओफँटा लेव्हिपेस. या जातीत डावेपण हीच रीत आहे, विकृती नव्हे. उजव्या जातीत लाखात एखादा डावा निघतो, ती गोष्ट वेगळी. आग्नेय आशियातल्या ॲम्फिड्रोमसच्या काही जातींत तर एकाच झाडावर डावे आणि उजवे दोन्ही असतात. गोगलगायीचा पीळ तिच्या स्वतःच्या नव्हे, तर आईच्या जनुकांवर ठरतो. लिम्निया या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या संकरांच्या नोंदींचा हा उलगडा आनुवंशशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंटने १९२३ मध्ये केला. म्हणून उजव्या पिळाची जनुके मिळालेले पिल्लूही आईमुळे डावे निघू शकते.

किंमत काही येणार नाही. देवघरातला दक्षिणावर्ती शंख हा समुद्री प्राण्याचा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : सोसायटीच्या भिंतीवर नोव्हेंबरपासून मोठी गोगलगाय चिकटून आहे. तोंडावर पांढरा पापुद्रा आला आहे. मेली असावी. काढून टाकू का? (घोडबंदर रोड, ठाणे)

मेलेली नाही, ती झोपेत आहे. कोरडे दिवस आले की ती चिकट द्रवाचा पडदा तोंडावर ओढते, तो वाळून पांढरा होतो आणि आतला ओलावा टिकतो. अशा अवस्थेत ती पुढचा पाऊस येईपर्यंत काढू शकते. ती राक्षसी गोगलगाय असेल तर वेचण्याचा सर्वांत सोपा काळ हाच, मार्च ते मे. पळत नाही, लपत नाही, अंडी घालत नाही. मोठ्या आवारात एक रविवार भिंती, पत्रे आणि झाडांची खोडे तपासली तर पावसाळ्यातले निम्मे काम वाचते. झाडाच्या खोडावर उंच चिकटलेली लहान, उभट शंखाची असेल तर मात्र हात लावू नका, ती स्थानिक झाडावरची जात असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : शाळेच्या निसर्ग मंडळातर्फे आठवी-नववीच्या मुलांकडून गोगलगायींची गणना करून घ्यायची आहे. साहित्य कमी आहे. पद्धत सांगाल का? (नेरूळ, नवी मुंबई)

जरूर करा. शहरातल्या बागांमधल्या गोगलगायींची नोंद फार तुटपुंजी आहे, तुमची यादी कामाची ठरेल. मात्र जागा शाळेचे आवार, सोसायटीची बाग किंवा परवानगी घेतलेले उद्यान अशीच निवडा.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, सकाळी सात ते नऊ ही वेळ ठेवा. काठ्या आणि सुतळीने ५० बाय ५० सेंटिमीटरचे २० चौकोन आखा. निम्मे झाडांच्या सावलीत आणि निम्मे उघड्यावर. एका चौकोनाला दोन मुले, पंधरा मिनिटे. पहिली पाच मिनिटे फक्त पाहायचे, हात लावायचा नाही. मग पाने एकेक उलटायची. मोजलेला प्राणी जागच्या जागी परत ठेवायचा.

फक्त डोळ्यांनी शोधले तर मोठ्याच मिळतील. उष्ण प्रदेशातल्या निम्म्याहून जास्त जाती पाच मिलिमीटरच्या आतल्या असतात. म्हणून प्रत्येक चौकोनातून एक लिटर पालापाचोळा आणि वरची सुटी माती कापडी पिशवीत घ्या. वर्गात पांढऱ्या कागदावर पसरा, त्यातले जिवंत प्राणी निवडून बागेत सोडा, आणि उरलेले पंख्याखाली तीन-चार दिवस वाळवा. मग आधी पाच मिलिमीटरच्या जाळीच्या चाळणीतून आणि नंतर मैद्याच्या चाळणीतून गाळा. मैद्याच्या चाळणीवर राहिलेले काळ्या कार्डशीटवर चिमूटचिमूट पसरून दहापट भिंगाने पाहा. काळ्यावर पांढरे शंख चटकन दिसतात. वाळलेले साहित्य बादलीभर पाण्यात टाकले तर रिकामे शंख हवेमुळे तरंगतात, हाही मार्ग आहे. पण माती आधी पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर शंख मातीबरोबर तळाला बसतात.

तक्त्यात तारीख, जागा, चौकोन क्रमांक, सावली की ऊन, पानांच्या थराची जाडी, जिवंत किती आणि रिकामे किती, असे रकाने करा. जिवंत आणि रिकाम्यांची बेरीज कधीही एकत्र करू नका. रिकामा शंख गेल्या वर्षीचा असू शकतो आणि कुंडीच्या मातीतून दुसरीकडून आलेलाही.

प्रत्येक वेगळ्या शंखाचे तीन फोटो हवेत : तोंड समोर, टोक वरून, आणि तळाची बाजू, जिथे नाभी म्हणजे मधले भोक दिसते किंवा बुजलेले असते. शेजारी पट्टी ठेवाच. वेढे मोजताना टोकाकडून सुरुवात करून पाव वेढ्यापर्यंत मोजा, कारण सव्वाचार आणि पावणेपाच यांत जाती बदलू शकते.

सर्वांत मोठी चूक पिल्लांची होते. मुले एकाच जातीची तीन वयाची पिल्ले तीन जाती म्हणून लिहितात आणि यादी फुगते. सायक्लोफोरिडी कुलातल्या सायक्लोफोरस किंवा टेरोसायक्लॉसमध्ये वाढ पूर्ण झाली की तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळते, त्यावरून प्रौढ कळतो. ॲरिओफँटिडीत मात्र कड शेवटपर्यंत पातळच राहते, तिथे फक्त वेढ्यांची संख्या पाहावी. खात्री नसेल तर "पिल्लू, जाती अनिश्चित" असे लिहिण्यात कमीपणा नाही.

मेलेला नमुना ठेवायचा असेल तर ७०-८० टक्के अल्कोहोलमध्ये, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत. फॉर्मॅलिन अजिबात नको, ते हळूहळू आम्लधर्मी होते आणि शंखाचा चुना विरघळवते. रिकामे शंख लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने आणि आपल्याकडच्या दमटपणाने त्यांवर पांढरी बुरशीसारखी साय चढते. बुरशी नाही ती, शंखच झिजत असतो, आणि पुसून तो परत येत नाही. प्लास्टिकची डबी, आत सिलिका जेलची पुडी, इतके पुरते.

प्रश्न : उष्ण कटिबंधात गोगलगायी खूप, असे वाचले. मग सह्याद्रीत किती? आणि पावसाच्या जंगलात फिरूनही हाताला फार का लागत नाहीत? (बेलापूर, नवी मुंबई)

पश्चिम घाटात अडीचशेहून जास्त जाती नोंदल्या आहेत आणि त्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश जगात इतरत्र नाहीत. गोगलगाय स्वतःच्या पायाने फार लांब जात नाही. कोरडी दरी, रुंद नदी, उघडा खडक हे सगळे तिला अडथळेच. त्यामुळे दोन डोंगरांवर दोन वेगळ्या जाती घडतात. एका जागी जातींची संख्या मर्यादित, पण दहा किलोमीटरवर यादी बदललेली, असे चित्र पुष्कळदा दिसते.

हाताला न लागण्याचे कारण चुना. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यावर प्रथिनाचे पातळ आवरण. मुसळधार पावसाने जमिनीतले कॅल्शियम वाहून जाते, जांभा खडकाची माती तर आम्लधर्मीच असते. म्हणून दाट, ओल्या जंगलातही गोगलगायी विरळ असू शकतात आणि तिथल्यांचे शंख पातळ असतात. काही तर शंख आखडून अर्धशंखी झाल्या. केरळच्या जंगलातली लाल-पिवळी इंड्रेला ॲम्प्युला हे त्याचे देखणे उदाहरण. याउलट चुनखडीचे डोंगर आणि गुहा म्हणजे गोगलगायींची खाण. मलेशियातली ओपिस्थोस्टोमा व्हर्मिक्युलम चार वेगवेगळ्या दिशांनी पीळ घेते, तिचे वर्णन २००८ मध्ये झाले. व्हिएतनामच्या गुहेतल्या अँगस्टोपिला सॅमिअनचे वर्णन २०२२ मध्ये झाले, तिचा शंख अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहे.

पण असा एकच डोंगर हे एखाद्या जातीचे अख्खे जग असते. मलेशियात बुकित पांचिंगची चुनखडी उपसून काढली गेली आणि फक्त तिथेच राहणारी प्लेक्टोस्टोमा सायाफिलम त्याबरोबर संपली. आपल्या पारसिकच्या टेकडीच्या उतारांवरही खाणींनी लचके तोडलेले आहेत. तिथे काय राहत होते याची यादी आधी कोणी केली असती, तर किती बरे झाले असते.

प्रश्न : गोगलगाय खाणारी गोगलगाय आणून सोडली तर औषधाचा खर्च वाचेल, असे ऐकले. मिळेल का? (घणसोली, नवी मुंबई)

नाही, आणि ती शोधूही नका. याच कारणासाठी अमेरिकेतली युग्लँडिना रोझिया ही मांसाहारी गोगलगाय पॅसिफिक बेटांवर नेली गेली. मोरेआ बेटावर ती १९७७ मध्ये सोडली. तिने राक्षसी गोगलगायींऐवजी पार्तुला या तिथल्या स्थानिक गोगलगायी खाल्ल्या, आणि दहा वर्षांच्या आत त्या बेटावरच्या जंगलातून पार्तुला नाहीशा झाल्या. प्राणिसंग्रहालयांत काही जाती तगल्या म्हणून आता त्या परत सोडता येत आहेत. हवाईतही तेच झाले, तिथल्या ॲकॅटिनेला ॲपेक्सफुल्वा या झाडावरच्या गोगलगायीचा शेवटचा प्राणी १ जानेवारी २०१९ रोजी मेला. गोगलगायी खायला शेतात बदके सोडण्यापर्यंत ठीक आहे, पण तीही कोवळ्या रोपांत सोडू नका.

प्रश्न : नातवाने पावसात मोठी गोगलगाय हातात घेतली. आजार होतो असे म्हणतात. काय करू? पालेभाजीतही बारीक गोगलगायी येतात. (कळवा, ठाणे)

साबणाने हात धुतले असतील तर घाबरू नका. धोका अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस या उंदराच्या फुप्फुसातल्या कृमीचा आहे. उंदराच्या विष्ठेतून ती गोगलगायीत जाते. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय पोटात गेली, किंवा चिरलेल्या कच्च्या पाल्यातून न कळत गेली, तर ही कृमी माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते. नुसत्या स्पर्शाने सहसा काही होत नाही, मात्र तोच हात तोंडात गेला तर होऊ शकते.

म्हणून पावसाळ्यात पालेभाजीची प्रत्येक दांडी सुटी करून वाहत्या पाण्याखाली पानाच्या दोन्ही बाजू चोळा. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने गोगलगायी सुटून तळाला पडायला मदत होते, पण कृमी मरतील असे धरू नका. शिजवणे हाच खरा उपाय आहे. कोशिंबिरीसाठी कोबीची बाहेरची तीन-चार पाने काढून टाका. तोंडात गोगलगाय गेल्याची शंका असेल आणि पुढच्या काही आठवड्यांत तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या किंवा अंगावर मुंग्या आल्या, तर डॉक्टरांकडे जा आणि गोगलगायीचा उल्लेख आवर्जून करा. तो सांगितला नाही तर या निदानाकडे लक्ष जाणे कठीण.